एकोणसाठ

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

आज दुपारी ३ वाजून १७ मिनिटांनी सापडली.

ही वही मराठीत लिहायची असं ठरवलं आहे. शाळा, कॉलेज, एम.एस्सी. सगळं इंग्रजीत झालं. पण इंग्रजीत मी फक्त ईमेल लिहिते आणि ईमेलमध्ये कुणावर चिडता येत नाही.

आधी नोंद. शंभर अंकी मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः, याशिवाय तिला कशानेही भाग जात नाही. सुरुवात ४१५६१२ ने होते, म्हणजे आपल्या पिनकोडने. शंभर अंकी मूळ संख्या दुर्मिळ नसतात. त्या टापूत सरासरी दर २३० संख्यांमागे एक भेटते. ही मात्र वेगळी आहे. हिच्यातला कुठलाही एक अंक, कुठल्याही जागचा, बदलला की उरते ती मूळ संख्या राहत नाही. शंभर जागा आणि प्रत्येक जागी नऊ पर्याय, म्हणजे हिचे नऊशे शेजारी. मी नऊशेही तपासले. सगळ्यांना भाग जातो. या जातीची सर्वांत लहान संख्या २९४००१ आहे. मला माझी मिळेपर्यंत १९,२०७ मूळ संख्या चाळाव्या लागल्या. प्रोग्राम लिहायला दोन आठवडे गेले, चालायला लॅबमधल्या जुन्या मशीनवर तीन दुपारी.

ती 'बहुतेक मूळ' नाही, मूळच आहे. सिद्धतेची फाइल वेगळी ठेवली आहे. ती कुणीही तपासून घ्यावी.

विभागप्रमुख डॉ. संदेश पावसकर सरांना दाखवली. त्यांनी विचारलं, ही जगातली सर्वांत मोठी का? मी नाही म्हटलं, सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येला चार कोटींहून जास्त अंक आहेत. मग हिचा उपयोग काय? मी म्हटलं, काही नाही. सर मोबाइलकडे वळले.

खरं उत्तर तेच होतं. तरी घरी येताना वाटभर मी दुसरं उत्तर शोधत होते.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सरांना उपयोग सापडला.

२२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिवस. कॉलेजचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. संस्थेच्या अध्यक्षांना रस्त्याकडच्या लांब कुंपणभिंतीवर काहीतरी हवंच होतं. आता तिथं ही संख्या रंगवायची, वीस-वीस अंकांच्या पाच ओळींत. मराठीला अभिजात दर्जा मिळाला आहे म्हणून आकडे देवनागरीत. मला ही कल्पना आवडली. हे इथं लिहिते, तिथं कुणाला सांगितलं नाही.

मग प्रसिद्धीपत्रक वाचलं. "डॉ. संदेश पावसकर यांच्या मार्गदर्शनाखाली गणित विभागाने शोधलेली अतिविशाल मूळ संख्या." अतिविशाल हे खोटं आहे. मार्गदर्शन हे त्याहून खोटं आहे. सरांनी एकच मार्गदर्शन केलं होतं: लॅबचा ए.सी. बंद करून जात जा.

विचारलं. सर शांतपणे म्हणाले, "हे बघ योगिनी, तू तासिका तत्त्वावर आहेस. भिंत पन्नास वर्षं राहणार. उद्या तू इथं असशील, नसशील. भिंतीजवळच्या बोर्डावर कायम नोकरीतल्या माणसांची नावं घालतात."

मी "ठीक आहे सर" म्हटलं आणि तास घ्यायला गेले. माझा तास ४८ मिनिटांचा असतो. त्यातली पहिली सहा-सात मिनिटं मी काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही.

माझा करार जानेवारीत नवा होतो किंवा होत नाही. तो कागद सरांच्या टेबलावरून पुढं जातो.


बुधवार, ३ डिसेंबर

आईचा ५९ वा वाढदिवस. ती पोस्टात काउंटरला असते, पुढच्या वर्षी निवृत्त होईल. केक मी परवाच फोनवर सांगून ठेवला होता. नाव दमयंती, चॉकलेट नको, आणि आकड्यांच्या मेणबत्त्या. संध्याकाळी आणला आणि उघडला तर मेणबत्त्या ४ आणि ९.

साधे दोन अंक. फोनवर स्पष्ट सांगितले होते. लगेच दुकानात फोन लावला. काउंटरवरचा माणूस म्हणत राहिला, तुम्हीच असं सांगितलंत मॅडम, वहीत लिहिलंय. यांच्या वहीत काहीही लिहिलेलं असतं. स्वतःची चूक मान्य करायची या गावात कुणाला सवयच नाही.

आई मात्र खूश. म्हणाली, "राहू दे गो. दहा वर्षं परत मिळाली मला. बाबांना फोटो पाठव, म्हणावं बोटीवरून उतरशील तेव्हा बायको तरुण मिळेल." मग केक कापताना माझ्याकडे बघून विचारलं, "तू काय सांगितलं होतंस त्यांना?" मी म्हटलं, जे सांगायचं तेच. ती हसली आणि मला केकचा तुकडा भरवला.


मंगळवार, ९ डिसेंबर

भिंतीचं काम काशीराम नाटेकर यांच्याकडे आहे. मिरकरवाड्यात बोटींची नावं आणि नंबर तेच रंगवतात. कॉलेजातल्या ६४ खोल्यांच्या दारांवरच्या पाट्यांचं कामही त्यांनाच मिळालं आहे. अक्षर उत्तम आहे. पांढऱ्यावर गडद निळा रंग, अंकांची उंची एक वीत.

सरांनी त्यांना संख्येचा छापील कागद दिला होता, खाली स्वतःची सही करून. आज त्यावर टर्पेंटाइनचा डबा सांडला. मी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. थोड्या वेळाने काशीरामच्या बायकोचा फोन आला. तिचं नाव तुळसा, शिक्षण सातवी असं ऐकलं. हिशोबवही, ऑर्डरी, अक्षरांच्या आतलं भरणं असं सगळं ती बघते. म्हणाली, मोबाइलच्या काचेला तडा आहे, तो नेमका आकड्यांवरून जातो, तुम्ही फोनवर सांगा, मी वहीत लिहून घेते.

मी इंग्रजीत एक-एक अंक सांगू लागले. तिने थांबवलं. "मॅडम, फाय आणि नाइन फोनवर सारखाच ऐकू येतो. मराठीत सांगा." मुद्दा बरोबर होता. अशा लोकांकडून इतकी अपेक्षा नव्हती.

मग मी पद्धत ठरवली. सुटे अंक सांगितले तर एखादा गळतो आणि कळत नाही. म्हणून दोन-दोन अंकांच्या पन्नास जोड्या. प्रत्येक जोडी मी सांगायची, तिने परत म्हणायची, मी 'बरोबर' म्हटल्यावरच पुढची. १४ मिनिटं लागली. पन्नासच्या पन्नास जोड्या तिने बरोबर परत म्हटल्या. चुकीला जागाच ठेवली नाही.

बरं वाटलं. या प्रकरणात पहिल्यांदा कुणीतरी मी सांगितलं तसं केलं.


शनिवार, १३ डिसेंबर

बोर्ड आला. ग्रॅनाइट. डॉ. पावसकर, प्राचार्य, अध्यक्ष, उपाध्यक्ष, उद्घाटक. 'जगप्रसिद्ध' असा शब्द आहे. संख्या अजून गेटच्या बाहेरही गेलेली नाही.


मंगळवार, १६ डिसेंबर

क्रमाने लिहिते.

भिंत काल संध्याकाळी पूर्ण झाली. आज सकाळी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून मी पाचही ओळी वाचल्या आणि सवयीने अंकांची बेरीज करत गेले. ४५१ यायला हवी. ४५० आली. पुन्हा केली. ४५०.

४५० ला ३ ने भाग जातो, म्हणून भिंतीवरच्या संख्येलाही जातो. ९ नेही जातो. पाचवीतल्या मुलाला वही-पेन दिलं तर तो दहा मिनिटांत सांगेल की ही मूळ संख्या नाही. जिचं सगळं मोल एक अंकही न हलण्यात आहे, तिचा एक अंक हलवून ठेवला. नऊशे शेजाऱ्यांतली एक भिंतीवर आणून बसवली.

चूक सापडली: तिसरी ओळ, पाचवा अंक. २३ वी जोडी ५९ हवी, तिथं ४९.

काशीराम शिडी उतरवत होते. तुळसा ब्रश धूत होती. मी विचारलं, हे काय आहे. त्यांनी वही काढली, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, वहीत ४९ च हाय मॅडम. मी म्हटलं, म्हणजे वहीतच चुकीचं लिहिलंय. तुळसा म्हणाली, मी तुमच्या तोंडचंच लिवलं. तोपर्यंत दुसऱ्या वर्षाचा वर्ग सुटला होता, तीसएक मुलं उभी होती.

तेव्हा मी म्हणाले, "सातवी शिकलेल्या बाईला शंभर अंक लिहायला दिले, हीच मुळात चूक झाली."

आवाज चढवला नव्हता. मी कधीच चढवत नाही.

तुळसाने ब्रश तसाच टर्पेंटाइनमध्ये सोडला आणि हात पदराला पुसत गेटबाहेर गेली. काशीरामांनी वही मिटली. मुलांपैकी कुणीतरी हसलं.

सरांकडे गेले. सर म्हणाले, "शंभर आकड्यांची बेरीज कोण करणार आहे? उद्घाटकांना आपली गाडी कुठं लावली ते आठवत नसतं." मी म्हटलं, मी केली आहे. ते म्हणाले, मग तू कुणाला सांगू नकोस.

यांना संख्या नको होती, भिंत हवी होती.


बुधवार, १७ डिसेंबर

प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. चुकीची जागा, स्वरूप, परिणाम, जबाबदारी. एक पान. आवक क्रमांक घेतला.

दुपारपर्यंत निर्णय झाला. तिसऱ्या ओळीतल्या ४ वर फ्लेक्सवाल्याकडून ५ चं स्टिकर लावून घ्यायचं. काशीराम नाटेकर यांच्याकडून ६४ पाट्यांचं काम काढून घ्यायचं आणि संस्थेच्या कुठल्याही कामासाठी त्यांना पुन्हा बोलवायचं नाही.

स्टिकर ही फालतू कल्पना आहे, दोन पावसाळ्यांत उडेल. बाकी निर्णय नियमाला धरून आहे. काम चुकलं की काम जातं. बोर्डावर नाव नसलं तरी माझी तक्रार निदान वाचली गेली.

घरी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, ५९ च्या जागी ४९? मी हो म्हटलं. तिने भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "त्या बाईला तू फोनवर काय सांगितलंस, नक्की आठव हां." मी म्हटलं, आई, मी तपासून सांगितलं होतं, एकेक जोडी. ती म्हणाली, "तपासलंस गो, पण सांगितलंस काय?"

हिलासुद्धा माझ्यावर विश्वास नाही. जेवले नाही.


गुरुवार, १८ डिसेंबर

लॅबमध्ये ११ च्या सुमारास तुळसा आली. एकटी. प्रॅक्टिकल संपलं होतं, खोलीत दोघीच होतो. बस म्हटलं तर बसली नाही. टेबलावर तडा गेलेला मोबाइल ठेवला.

तिने सांगितलं ते असं. बोटीचं नाव फोनवरून घेतलं की मालक मागाहून म्हणतो, मी असं सांगितलंच नव्हतं. म्हणून त्यांच्या मोबाइलवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. दोन वर्षं झाली. परवा ती घरी जाऊन तो कॉल ऐकत बसली होती. तीनदा ऐकला.

"आता तुम्ही ऐका," म्हणाली, आणि लावला.

माझा आवाज. थंड, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. मला माझा आवाज चांगला वाटतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. २२ वी जोडी झाली. मग मी म्हणते: "एकोणपन्नास." ती म्हणते: "एकोणपन्नास ना मॅडम?" मी म्हणते: "हो. एकोणपन्नास. बरोबर. पुढे."

तिने तिथंच थांबवलं. मला अजून चूक दिसत नव्हती, हे लिहून ठेवलंच पाहिजे. मी म्हटलं, बरोबरच आहे की. पन्नास आणि नऊ.

तुळसाने मान वर केली. तिला आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग चेहरा बदलला. तिला माझी दया आली. ती दया मी जन्मभर विसरणार नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "एकोणपन्नास म्हंजे पन्नासाला एक कमी. चार नऊ."

मग मोबाइल उचलला आणि गेली.

मी खिडकी लावून घेतली. मग कागदावर १९ पासून ९९ पर्यंत शेवटी ९ असलेल्या सगळ्या संख्या लिहिल्या आणि त्यांची नावं इंटरनेटवर पाहिली. १९ आणि ९९ मला बरोबर येत होत्या. २९ पासून ८९ पर्यंत सगळ्या दहाने चुकीच्या. आयुष्यभर. संख्येत शेवटी ९ असलेल्या जोड्या चारच आहेत: १९ दोनदा, ९९ एकदा, आणि ही. म्हणून फक्त एकच चुकली.

माझी पद्धत फोल होती. तिने परत म्हटलेलं मी माझ्याच चुकीच्या शब्दकोशात तपासत होते. दोघी एकच शब्द म्हणत होतो आणि दोघींच्या डोक्यात वेगळी संख्या होती. तपासणी पन्नास वेळा झाली आणि एकदाही झाली नाही.

केकवाल्याच्या वहीतही बरोबरच लिहिलेलं होतं.


शुक्रवार, १९ डिसेंबर

सरांना सांगितलं. वाटलं होतं चिडतील. ते चिडले नाहीत, त्याचाच संताप जास्त आला. म्हणाले, चूक पेंटरची आहे हे सगळ्यांनी मान्य केलंय, त्याने स्वतःही नाकारलं नाही, तू कशाला उकरतेस? गणिताची प्राध्यापिका आणि तिला मराठी आकडे येत नाहीत, हे बाहेर गेलं तर विभागाचं काय? "आणि जानेवारी जवळ आलाय," असंही म्हणाले, खिडकीबाहेर बघत.

मी विचारलं, म्हणजे काय सर?

"म्हणजे काही नाही. आठवण करून दिली."

प्रामाणिकपणे लिहायचं तर संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या बाजूने विचार करत होते. स्टिकर लागेल. संख्या बरोबर होईल. भिंतीला कुणाची चूक हे कळत नाही. ६४ पाट्या दुसरं कुणी रंगवेल. हे सगळं खरं आहे, आणि खऱ्या विधानांची अशी रांग लावून मी काय सिद्ध करते आहे, ते मला दिसत होतं.


शनिवार, २० डिसेंबर

आईशी भांडले. तिला ठाऊक होतं. मेणबत्त्या पाहिल्या तेव्हाच तिला कळलं होतं. खरं तर मी चार वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. मी एकोणतीस-एकोणचाळीस उलटं म्हणायचे, सगळे हसायचे, शेजारच्या बायका मला मुद्दाम म्हणायला लावायच्या. बाबा बोटीवरून आले की तेही. "गोड वाटायचं गो," आई म्हणाली. "शाळेत तर इंग्लिशच होतं, म्हटलं शिकेल आपोआप."

मी २७ वर्षांची आहे. २७ वर्षं कुणी मला सुधारलं नाही, कारण गोड वाटायचं. मी ताट तसंच सोडून उठले. मग परत येऊन बसले, कारण १७ तारखेला तिने मला दोनदा विचारलं होतं आणि मी दोनदा उत्तर दिलं नव्हतं.

सकाळीच, दहाच्या आत, प्राचार्यांच्या कार्यालयात पत्र दिलं होतं. नक्कल इथं उतरवते:

"दि. १७ च्या माझ्या तक्रारीत जबाबदारीविषयी लिहिलेला मजकूर चुकीचा आहे. २३ वी जोडी मी दूरध्वनीवर चुकीची सांगितली. लिहून घेणाऱ्या श्रीमती तुळसा नाटेकर यांनी सांगितलं तसंच बरोबर लिहिलं. श्री. काशीराम नाटेकर यांनी लिहिलं तसंच बरोबर रंगवलं. त्यांच्याकडून काढून घेतलेलं काम परत द्यावं. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. योगिनी हरिश्चंद्र भाटकर, तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक."

क्लार्कने शिक्का मारताना वाचलं आणि वर पाहिलं. तक्रार सोडली तर या संख्येच्या सगळ्या कागदांत माझं नाव एकदाच आलं आहे. ते चुकीखाली आहे. आणि ते मी स्वतः घातलं.


रविवार, २१ डिसेंबर

मिरकरवाड्यात गेले. मासळीचा लिलाव संपला होता, बर्फाचं पाणी वाहत होतं. काशीराम एका बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, नाव लिहीत होते. तुळसाताई आतला रंग भरत होत्या. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं आणि दोघांनीही ब्रश थांबवला नाही.

माफीचं वाक्य मी रस्त्यात तयार केलं होतं. ते म्हटलं. काशीराम म्हणाले, "मला काय नाय. बोटीचा नंबर चुकला तर समुद्रात बोट धरतात, खलाशांना बसवून ठेवतात. चुकीबद्दल आमी कधी चिडत नाय. तुमी तिला बोललात. तिला सांगा."

तुळसाताईंना म्हटलं, तुम्हाला सातवी शिकलेली म्हणाले, ते—

"आठवी," त्या म्हणाल्या. "आठवीत सोडली मी. सातवी पास हाय."

मी म्हटलं, आठवी.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. म्हणाल्या, आमच्या गुरुजींनी एक शिकवलं होतं: मागचं धरायचं नाय, पुढचं धरायचं. एकोण आला की पुढच्या दहाकडं बघायचं आणि एक कमी करायचा. मग मला तीन-चार विचारले, वाटेल त्या क्रमाने. एक चुकलं. त्या म्हणाल्या, "काय गो बाय, एवढी शिकलीस," आणि तेव्हा पहिल्यांदा हसल्या. जाळी विणत बसलेल्या दोन म्हाताऱ्याही हसल्या. मला राग आला. तो त्यांच्यावर नव्हता, एवढं आता कळतं.

काशीरामांनी अट घातली. स्टिकर नाही. उद्या सकाळी ते येतील, ४ पुसून ५ रंगवतील. पण संख्या पहिल्या जोडीपासून मी वाचायची. खाली उभं राहून, मोठ्याने, मराठीत. "बोललात लोकांसमोर," ते म्हणाले. "वाचा पण लोकांसमोर."


सोमवार, बावीस डिसेंबर

पाट्यांचं काम परत मिळालं. प्राचार्यांनी सकाळी नऊला सही केली, माझ्याकडे न बघता. कराराबद्दल सरांनी एवढंच सांगितलं: जानेवारीत बघू, विभागाला कदाचित गरज पडणार नाही. ते चिडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. बोर्ड होता तसाच लागला. 'जगप्रसिद्ध' सकट.

आता भिंत.

साडेआठला काशीराम शिडीवर चढले. ४ आधीच पुसला होता, पांढरा चौकोन वाळत होता. तुळसाताई खाली रंगाचा डबा धरून. समारंभाला आलेली मुलं जमली, त्या दिवशीची तीसएक आणि आणखी पन्नासएक. सर गेटातून आत आले. त्यांनी मला पाहिलं, मुलांना पाहिलं, आणि उद्घाटकांची गाडी यायची होती म्हणून तिथंच उभे राहिले. त्यांना मला थांबवता येत नव्हतं. थांबवलं असतं तर सगळ्यांसमोर कारण सांगावं लागलं असतं.

मी सुरुवात केली. एक्केचाळीस. छप्पन्न. बारा. कुणी हसलं नाही. एवढे आकडे एका दमात ऐकायची कुणाला सवय नसते, लोक गप्प होतात. पाचव्या जोडीनंतर मागची काही मुलं बरोबरीने म्हणू लागली, मराठी शाळेतून आलेली. त्यांना एकदाही अडखळावं लागलं नाही. मला प्रत्येक जोडी कागदावरून उचलून तोंडात ठेवावी लागत होती.

बावीस जोड्या झाल्या. काशीरामांनी ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळवला आणि हात चौकोनापाशी नेऊन थांबले. मुलंही थांबली. सगळ्यांना माहीत होतं. क्लार्कने सांगितलेलं असणार.

पुढचं धरायचं. पुढचा दहा साठ.

"एकोणसाठ," मी म्हटलं.

काशीराम वरून म्हणाले, "ऐकू नाय आलं."

त्यांना ऐकू आलं होतं. मी मोठ्याने म्हटलं, "एकोणसाठ."

"नक्की? मागाहून बदलायचा नाय."

मी तुळसाताईंकडे पाहिलं. त्या डब्यात बघत होत्या, ओठ हलत होते, पण त्यांनी मला सांगितलं नाही. सरांकडे पाहिलं. ते घड्याळ बघत होते.

"साठाला एक कमी," मी ओरडले. मी ओरडले, माझा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "पाच. नऊ. एकोणसाठ. लिहा."

त्यांनी ५ काढला. घाई केली नाही. मग मागं झुकून पाहिला आणि खाली न बघता विचारलं, "पुढं?"

सत्तावीस जोड्या उरल्या होत्या. मी चोविसावी वाचली.